ताईच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय

माझी ताई मुरबाडला असते आणि मी शहापूरला. किन्हवलीवरून मोटारसायकलनं गेलं तर फार लांब नाही. तरी तिचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघं निवांत बोललोय असे दिवस आठवायला गेलं तर थोडेच निघतील. फोन व्हायचे. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवलो." "बाबा बरे?" "बरे हायत." मग दोन्हीकडं शांतता, आणि कुणीतरी म्हणायचं, "बरं, ठेवते मग."

भांडण वगैरे काही नव्हतं. ताईचा स्वभावच तसा. हात रिकामे असले की तिला बोलायला सुचत नाही. लहानपणी ती माझ्याशी बोलायची ती भाजी निवडताना, भाकरी थापताना, आणि पुढं शिलाई शिकल्यावर मशीनवर बसून. मशीन थांबलं की बोलणं थांबायचं. हातात फोन धरून नुसतं बोलायचं म्हणजे तिला शिक्षाच.

आम्ही परत बोलायला लागलो ते ट्रकच्या खेळामुळं.

मी आसनगावला एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात आहे. संध्याकाळी घरी आलो की तासभर कॉम्प्युटरवर खेळतो. बायको पतपेढीत कामाला आहे. ती म्हणते, बाकीची माणसं नाक्यावर बसतात, हा घरात तरी बसतो. भाची पुण्याला शिकायला गेली, तिला लॅपटॉप घेतला आणि तिचा मोठा कॉम्प्युटर मुरबाडला तसाच राहिला. ताईचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. त्या कॉम्प्युटरवर ती बायकांना गळ्यांची डिझाइनं दाखवायची, तेवढाच त्याचा उपयोग. मी माझ्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हा जुनं कार्ड तिच्या कॉम्प्युटरला लावून दिलं आणि ट्रकचा खेळ टाकला. त्यात मारामारी नाही. एका शहरात माल भरायचा आणि परदेशातल्या रस्त्यांवरून, डोंगरांतून दुसऱ्या शहरात पोचवायचा. इंटरनेटवरून दोघांना एकाच रस्त्यावर आपापला ट्रक घेऊन जाता येतं, आणि हेडफोन लावला की बोलताही येतं.

"मी कशाला रे ट्रक चालवू? मला स्कूटी चालवता नाय येत," ताई म्हणाली.

"चालवून तर बघ गो. ट्रक आपटला तर कोण मरत नाय."

मी कुणाकडून तरी वापरलेलं स्टिअरिंग आणि पायात ठेवायची पॅडलं आणून दिली. पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा बरी चालवायला लागली. मला आधी कळेना हे कसं. मग लक्षात आलं की तिच्या मशीनला मोटर आहे आणि ती मोटर पायाच्या दाबावर चालते. किती दाबलं की टाका किती धावतो, हे तिच्या पावलाला वर्षानुवर्षं माहीत. ट्रकचा वेग ती तसाच सोडायची, अलगद. मी घाटात गचके देत चढायचो, आणि तिचा ट्रक माझ्यामागं शांतपणे येत राहायचा.

आणि ती बोलायची. हात स्टिअरिंगवर, पाय पॅडलवर, नजर रस्त्यावर, मग काय. दाजींच्या कंपनीतल्या शिफ्टा, भाचीचं हॉस्टेल, कुठल्या गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तिसऱ्यांदा उसवला, आई असतानाच्या गोष्टी. आई गेल्यावर ती तिच्याविषयी माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती तशीच, कुठल्यातरी बर्फाच्या रस्त्यावर, माझ्यामागून मालाचा ट्रक हाकताना.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आम्ही असेच निघालो होतो. खेळात पाऊस लागला होता, समोर मोठं शहर आलं होतं, गाड्यांची गर्दी. ताई म्हणाली, "ए, तुला एक सांगायचंय. पण रागावू नको हां."

"बोल की."

"नाय, आधी सांग रागावणार नाय."

"नाय रागावत. बोल."

आणि तिचा ट्रक माझ्या आरशातून नाहीसा झाला. हेडफोनमध्ये काहीच नाही. मी ट्रक बाजूला घेतला, वाट पाहिली. फोन लावला तर उचलेना. मनात नको नको ते येऊन गेलं. दाजींची नोकरी? भाचीचं काही? ताईची तब्येत? थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

"बंद पडला मेला. परत चालू केला, परत बंद पडला. आणि दारात गिऱ्हाईक आलं."

"लाइट गेली का?"

"लाइट हाय. ट्यूब चालू, पंखा चालू. हाच एकटा पडला."

"बरं, तू काय सांगत होतीस?"

"काय नाय रे. परत बसू तेव्हा सांगेन."

फोनवर ती सांगणार नाही हे मला ठाऊक होतं. पण परत बसलो तरी तेच. साध्या रस्त्यावर सगळं ठीक चालायचं. ती हळूहळू विषयाकडं यायची, तेवढ्यात शहर यायचं किंवा पाऊस लागायचा, आणि कॉम्प्युटर पटकन बंद. मी म्हटलं धूळ साचली असेल, गरम होत असेल. तिनं ब्रशनं सगळा आतून झाडला. तरी तेच. शेवटी तिनंच एक गोष्ट हेरली. खेळातलं चित्र साधं केलं, सावल्या आणि पाऊस बंद केला, तर तो जरा जास्त वेळ टिकतो. चित्र चांगलं केलं की लगेच पडतो.

"म्हंजे त्याला जड झालं की पडतो," ती म्हणाली. "वीज पुरत नाय त्याला."

मी मुरबाडला गेलो तेव्हा डबा उघडून आतला पॉवर सप्लाय पाहिला. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारी ती पेटी. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो सप्लाय हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. वर मोठ्या अक्षरात पाचशे वॅट. खाली बारीक कोष्टक होतं. ताईनं चष्मा लावला आणि त्यावर बोट ठेवलं. मुख्य काम असतं ते बारा व्होल्टच्या लाइनचं. कार्ड आणि प्रोसेसर त्यावरच चालतात. तिथं लिहिलं होतं अठरा अँपिअर. बारा गुणिले अठरा, म्हणजे सव्वादोनशे वॅटसुद्धा नाहीत. भाचीच्या अभ्यासापुरता तो पुरत होता. मी माझं भुकेलं कार्ड त्याच्यावर लादलं आणि त्याची दमछाक झाली.

शिवाय दुसरी अडचण. मुरबाडला त्यांच्या आळीत संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. बल्ब पिवळे पडतात. आमच्या बसण्याची वेळ नेमकी तीच.

"भाऊबीजेला मी तुला सप्लायच ओवाळणीत घालतो," मी म्हटलं.

"वा! ताटात काय ती पेटी ठेवणार?" दाजी हसले.

ताईनं मान हलवली. "ओवाळणीला साडी आण. कॉम्प्युटर माझा हाय, त्याचं माझं मी घेईन. तू फक्त दुकान दाखव."

भाऊबीज झाली, साडी दिली. नंतरच्या सुट्टीला आम्ही कल्याणला गेलो. ती मुरबाडहून एसटीनं आली, मी आसनगावहून लोकलनं. स्टँडवर ती पिशवी खांद्याला लावून उभी होती, नव्या साडीत. तिचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच कुठं निघालोय असं झालं नव्हतं. आधी तिनं रसवंतीकडं नेलं, मग दुकानाकडं. वाटेत मी दोनदा विचारलं, "ते सांगायचं होतं ते काय?" दोन्ही वेळा तिनं रस्त्याच्या पलीकडची साड्यांची दुकानं दाखवली.

कॉम्प्युटरचं दुकान जिन्यावरून वर. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला मोकळा. मी कार्डाचं नाव सांगितलं आणि छाती पुढं काढून म्हटलं, "साडेआठशे वॅटचा दाखवा. चांगल्यातला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मशीन कुणाचं?"

"माझं," ताई म्हणाली.

"मग ताई, साडेआठशे नको. तुमचं सगळं मिळून जोरात चाललं तरी तीनशेच्या आसपास जाईल. साडेपाचशे चांगल्यातला घ्या. वरचे वॅट नुसते पडून राहणार."

"पण पुढं मोठं कार्ड घेतलं तर?" मी म्हटलं.

ताई माझ्याकडं वळली. "अरे, ब्लाऊज शिवताना मी आत दोन बोटं माया ठेवते. उद्या बाई सुटली तर उसवून वाढवता येतो. हातभर माया ठेवली तर तो अंगावर बसेल का?"

दुकानदाराला हे फार आवडलं. तो पुढं दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगत बसला असेल. त्यानं दोन पेट्या काउंटरवर मांडल्या, दोन्ही साडेपाचशेच्या. एक काळी, पंख्यात रंगीत दिवे असलेली. माझा हात तिच्याकडंच गेला. ताईनं दोन्ही उलट्या केल्या आणि स्टिकर वाचले. बारा व्होल्टवर दोन्हींचे आकडे जवळपास सारखे. पण दिव्यांची होती तिच्यावर दोनशे ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलेलं, आणि साध्या राखाडीवर शंभर ते दोनशे चाळीस.

"आमच्याकडं संध्याकाळी करंट उतरतो," ताईनं त्याला सांगितलं. "बल्बाची तार दिसते इतका."

"मग ही," त्यानं राखाडी पुढं सरकवली. "व्होल्टेज खाली गेलं तरी सांभाळून घेईल. गॅरंटीपण जास्त आहे. आता कॅबिनेटमध्ये जागा किती?"

मोजायचं मी विसरलोच होतो. ताईनं पर्समधून चिठोरा काढला, त्यावर ब्लाऊजच्या मापांच्या खाली लिहिलेलं. "लांबी साडेसात इंच मोकळी हाय. टेपनं मोजली." त्यानं पेटी मोजली, आरामात बसत होती. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर आहे का, तेही त्यानं खोका फोडून दाखवलं. एवढं झाल्यावर ताईनं दिव्यांच्या पेटीकडं एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "दिसायला तीच बरी होती नाय?" मी म्हटलं, "हो ना." पण घेतली राखाडीच.

बसवायला मी पुढच्या रविवारी मुरबाडला गेलो. भात कापून झालं होतं. किन्हवलीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खळी, पेंढ्याचे भारे, हवेत तो कोरडा गोड वास. ताईनं दुकानातलं कापायचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. दाजी मोबाइलची बॅटरी लावून उजेड धरून उभे. जुनी पेटी काढली, नवी बसवली, चार स्क्रू आवळले, वायरी लावल्या. उरलेल्या वायरींचा गुंता ताईनं अस्तराच्या पट्टीनं असा बांधला की उघड्या डब्यातसुद्धा नीटनेटका दिसावा.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

परत दाबलं. तेच. इतकं निवडून आणलं आणि मीच काहीतरी जाळून बसलो की काय! ताई उठून चहा टाकायला गेली, म्हणजे तिलाही काळजी वाटत होती. मी कार्ड काढून परत लावलं, सगळ्या वायरी दाबून पाहिल्या.

दाजी बॅटरी वर करत म्हणाले, "ही एक लोंबते ती कशाची?"

प्रोसेसरची वायर. पट्टीत बांधताना मागं गेली होती, लावायचीच राहिली. ती लावली, बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळली. दाजींनी टाळी दिली. आतून ताईचा आवाज आला, "झाला का?" आणि चहात त्या दिवशी साखर जरा जास्तच पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शहापूरहून आणि ती मुरबाडहून, आम्ही निघालो. तिनं चित्राचं सगळं पूर्ण चढवलं. सावल्या, पाऊस, काचेवरचे थेंब. मोठं शहर आलं, गेलं. बंद पडला नाही. तिच्याकडं व्होल्टेज उतरलं असावं, कारण ती म्हणाली, "बल्ब पिवळा झालाय बघ आता." तरी ट्रक माझ्या आरशात होताच. मग घाट सुरू झाला, लांबच लांब.

अर्ध्या घाटात ताई म्हणाली, "मी बाबांना माझ्याकडं न्यायचं म्हणतेय."

"चार दिवस? ने की."

"चार दिवस नाय. राहायलाच. निदान उन्हाळ्यापर्यंत."

बाबा आई गेल्यापासून माझ्याकडंच. आमच्याकडं मुलगा असताना बाप मुलीकडं राहिला तर गाव लगेच विचारतं, घरात काय झालं म्हणून. ताईला ते माहीत होतं. म्हणून तर इतके दिवस ते तिच्या ओठावर येऊन थांबत होतं.

"तू आणि वयनी नीट बघता त्यांना," ती घाईघाईनं म्हणाली. "तसं काय नाय हां. वयनीला वाईट वाटेल म्हणून मी बोलतच नव्हते."

"बाबांना विचारलंस?"

"बाबाच म्हणाले."

हे मात्र मला लागलं. थोडंसंच, पण लागलं. मी वळणावर ट्रक कठड्याला घासला. ताई मागून म्हणाली, "सांभाळ रे," आणि तिनं वेग कमी करून मला वेळ दिला. घाट संपेपर्यंत ती तशीच मागं राहिली. माथ्यावर पोचल्यावर मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी."

बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, बायको कुठं आहे ते.

"तुमच्यावर राग नाय रे," ते म्हणाले. "तुमी दोघं सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. दिवसभर मला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. तिच्याकडं दुकान हाय. माणसं येतात-जातात. कुणी ना कुणी बोलतं."

यात माझ्यावर कसला आरोप नव्हता. कारखाना आणि पतपेढी दोन्ही सोडून घरी बसणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि ते त्यांनाही हवं नव्हतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले.

"बाबा, माझं काय चुकलं का?"

"तुझं काय चुकेल गो? उलट तिकडं गेल्यावर तुझ्या भाकरीची आठवण येणार. तिची भाकरी अजून कडेला जाड राहते."

बायको रडता रडता हसली. मग तिनं बाबांचे स्वेटर, औषधं, चष्म्याची जादा डबी, सगळं एका बॅगेत भरायला घेतलं, आणि वरून चार दिवस पुरतील इतक्या भाकऱ्या बांधल्या. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "बाबा कुठं निघाले?" बायको माझ्याआधी म्हणाली, "लेकीच्या दुकानावर बसायला. तिला माणूस कमी पडतंय."

बाबा आता मुरबाडला आहेत. दुकानात खिडकीजवळ त्यांची खुर्ची आहे. ते हुकांचे आणि बटणांचे डबे रंगांप्रमाणे लावतात, आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांना माहेर कुठलं ते विचारतात. टोकावड्याकडच्या एक आजी अशा निघाल्या, की त्यांच्या थोरल्या भावाबरोबर बाबा लहानपणी शाळेत होते. त्या आता शिवायला कपडे नसले तरी बाजाराच्या दिवशी येऊन बसतात. दाजींना शिफ्ट नसली की दोघं संध्याकाळी पायी फिरून येतात. मी आणि बायको दर पंधरवड्याला जातो, आणि जेवायला ताई बाबांसमोर माझ्या बायकोलाच भाकऱ्या थापायला बसवते.

परवा संध्याकाळी आम्ही ट्रक घेऊन निघालो होतो. ताईनं बाबांना शेजारी खुर्चीवर बसवून तिचा हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला होता. ती गाडी चालवत होती आणि बोलायचं काम बाबांकडं होतं. मी मोकळा रस्ता बघून जोरात निघालो.

"हळू," कानात बाबांचा आवाज आला. "मागं आम्ही येतोय ना."

मी वेग कमी केला. आरशात त्यांचा ट्रक जवळ आला, आणि मग बाबांनी मला शाळेतल्या त्या मित्राची, ते दोघं मुरबाडच्या बाजारात बैल बघायला पळून गेले होते त्या दिवसाची गोष्ट सांगायला घेतली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. गोष्ट बरीच लांब होती. माल पोचवायचं शहर मागं गेलं तरी आम्ही थांबलो नाही.